धरमकाट्यावरची यूएसबी-सिरीयल केबल: पोर्टमधल्या बफरच्या कसोटीवर

कापसाच्या हंगामात धरमकाट्यावरचा, म्हणजे भरल्या गाड्या तोलणाऱ्या मोठ्या काट्यावरचा, कॉम्प्युटर अडला, तर जिनिंगच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, मेटॅडोर आणि बैलबंड्यांची रांग लागायला फारसा वेळ लागत नाही. राळेगाव तालुक्यातील ज्या जिनिंग-प्रेसिंगच्या काट्यावरील कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे आहे, तेथे मागच्या हंगामापासून एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर या चिपवर बांधलेली यूएसबी-सिरीयल केबल वापरात आहे. हे परीक्षण त्या केबलचे आहे. नागपूरला सीताबर्डीवर अशी केबल मागितली की दुकानदार लांबी विचारतो, किंमत सांगतो आणि फार तर कोणत्या विंडोजवर चालेल ते बोलतो. पण तिच्या आतील चिपमध्ये येणारी व जाणारी माहिती थांबवून ठेवण्यासाठी किती जागा आहे, म्हणजे तिचा बफर केवढा आहे, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. काट्यासारख्या कामात केबलची खरी परीक्षा तेथेच होते, म्हणून या लेखनात रंगरूपापेक्षा बफरविषयीच अधिक लिहिले आहे.

आधी मांडणी सांगतो. काट्याच्या लोखंडी प्लॅटफॉर्मखाली भार मोजणारे लोडसेल आहेत, त्यांच्या तारा काटाघरातील इंडिकेटरमध्ये, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीत, येतात आणि इंडिकेटर वजनाचा आकडा आरएस-२३२ या जुन्या सिरीयल पद्धतीने बाहेर पाठवतो. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, एका वजनाचा संदेश १६ अक्षरांचा, आणि असे संदेश सेकंदाला १० या गतीने अखंड येत राहतात. कॉम्प्युटर ऐको वा न ऐको, इंडिकेटर बोलतच असतो. त्याच इंडिकेटरवरून दुसरी तार बाहेरच्या भिंतीवरील मोठ्या लाल आकड्यांच्या फलकाकडे गेली आहे, म्हणजे गाडीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वजन थेट दिसते. कॉम्प्युटरला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे आणि त्यावर काटापट्टी निघते. जुन्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूस नऊ पिनांचे कॉम पोर्ट, म्हणजे सिरीयल तार लावण्याची खाच, होते, नव्याला ते नाही. म्हणून मध्ये ही केबल आली.

पोर्टला, म्हणजे बाहेरचे उपकरण कॉम्प्युटरला जेथे जोडले जाते त्या दाराला, मुळात बफर लागतोच कशाला, या प्रश्नाचे पहिले उत्तर विजेच्या तारांत आहे. प्रोसेसर, मेमरी आणि पोर्ट हे सगळे एकाच डेटा बसच्या सामाईक तारांवर बसलेले असतात. बाहेरचे उपकरण या तारांना थेट जोडले, तर प्रोसेसर मेमरीतून काही वाचत असतानाही ते उपकरण आपला आकडा तारांवर लादत राहील. एक बाजू तार पाच व्होल्टकडे ओढते आहे आणि दुसरी शून्याकडे, अशा खेचाखेचीत वाचलेला आकडा भलताच निघेल आणि चिपा तापतील त्या वेगळ्याच. म्हणून इनपुट पोर्टच्या तोंडाशी तीन अवस्थांचा बफर बसवतात: शून्य, एक, आणि तारेपासून पूर्णपणे अलग झाल्यासारखी तिसरी अवस्था. ७४एलएस२४४ ही चिप हेच काम करते. प्रोसेसरने त्या पोर्टचा पत्ता पुकारला तरच ती दार उघडते, एरवी उपकरणाचा आकडा दाराबाहेरच राहतो.

आउटपुटची अडचण नेमकी उलट आहे. ८०८५ हा प्रोसेसर ३ मेगाहर्ट्झवर चालत असेल, तर पोर्टकडे पाठवलेला आकडा बसवर एका मायक्रोसेकंदापेक्षाही कमी काळ टिकतो आणि लगेच त्या तारांवर पुढची कामे सुरू होतात. प्रिंटरची सुई, रिलेची पट्टी किंवा फलकावरचा दिवा इतक्या अल्प काळात काहीच करू शकत नाही. तेव्हा तो आकडा पकडून धरून ठेवणारे लॅच आउटपुट पोर्टला हवे असते, आणि पुढचा आकडा येईपर्यंत ते उपकरणाला तोच आकडा दाखवत राहते. पॉलिटेक्निकला ज्यांनी इंटेलची ८२५५ चिप हाताळली आहे, त्यांना तिच्या तीन पोर्टांच्या २४ तारा आठवत असतील. पण त्यांहून महत्त्वाच्या आहेत तिच्या ‘मोड १’ या कामाच्या पद्धतीतील दोन खुणा, एक ‘इनपुट बफर भरला’ असे उपकरणाला सांगणारी आणि दुसरी ‘आउटपुट बफर भरला, आता उचला’ असे सांगणारी. उपकरण आणि प्रोसेसर यांना एकमेकांचा वेग ठाऊक नसतानाही त्यांचा व्यवहार बिनचूक होतो तो या दोन खुणांमुळे. बफर म्हणजे नुसती जागा नव्हे, ती जागा भरली की रिकामी आहे हे सांगण्याची सोयही त्यातच येते, हे मला या चिपवरूनच नीट उमगले.

दुसरे उत्तर वेळेचे आहे आणि आमच्या काट्याचा संबंध मुख्यतः त्याच्याशी येतो. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या कधी एकामागून एक येतात, कधी दुपारभर एकही येत नाही; जिनची यंत्रे मात्र आपल्या ठरलेल्या गतीनेच कापूस ओढतात, आणि या दोहोंचा मेळ बसतो तो मधल्या गंजीमुळे. पोर्टमधला बफर ही तशीच गंजी आहे. तिच्यामुळे यंत्र अधिक वेगाने चालत नाही आणि गाड्याही लवकर येत नाहीत. फक्त एकाच्या सवडीसाठी दुसऱ्याला थांबावे लागत नाही आणि माल रस्त्यावर सांडत नाही.

आकड्यांत पाहू. ९६०० बॉडवर एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर. प्रोसेसरच्या दृष्टीने मिलिसेकंद हा मोठा अवधी आहे, पण प्रोसेसर एकट्या काट्याचा नोकर नसतो. डिस्कवर नोंद लिहिणे, पडदा रंगवणे, अँटिव्हायरसची तपासणी, अशा कामांत तो काही मिलिसेकंद सहज गुंतून पडतो. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरीयल कार्डावर ८२५० ही चिप होती आणि तिच्यात आलेले एकच अक्षर थांबू शकत असे. दुसरे अक्षर पूर्ण होण्याच्या आत पहिले उचलले नाही, तर ते पुसले जाई. याला ओव्हररन म्हणतात आणि चिप त्याची खूणही नोंदवते, परंतु गेलेले अक्षर परत मिळत नाही. पुढे १६५५०ए या चिपमध्ये १६ बाइटची, म्हणजे १६ अक्षरांची, रांग आली. तीत किती अक्षरे साचल्यावर प्रोसेसरला हाक मारायची हे १, ४, ८ किंवा १४ असे ठरवता येते. १४ ठेवले तर हाका कमी होतात, पण हाक मारल्यानंतर दोनच अक्षरांची जागा उरते. १,१५,२०० बॉडवर ती जागा सुमारे १७० मायक्रोसेकंदांत भरते. लहान आकडा ठेवला तर धोका कमी, पण प्रोसेसरच्या कामात व्यत्यय जास्त. बफर केवढा असावा आणि तो कितपत भरू द्यावा, हा हिशेब पोर्ट बनवणाऱ्याला दर वेळी करावा लागतो, आणि केबल घेणाऱ्यालाही तो थोडाफार ठाऊक असलेला बरा.

यूएसबीमध्ये हा प्रश्न आणखी कठीण होतो, कारण तेथे उपकरणाला स्वतःहून बोलण्याची मुभाच नसते. कॉम्प्युटर विचारील तेव्हाच उत्तर द्यायचे, असा यूएसबीचा नियम आहे. फुल स्पीड यूएसबीचे वेळापत्रक एक-एक मिलिसेकंदाच्या चौकटीत चालते आणि प्रत्येक चौकटीत आपली पाळी येईलच अशी खात्री अशा केबलला नसते, कारण त्याच कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह, माउस आणि प्रिंटरही लागलेले असतात. इंडिकेटरला मात्र यातले काही माहीत नाही. तो १९६० च्या दशकातील पद्धतीने आपली अक्षरे तारेवर ढकलत राहतो. एका बाजूला न थांबणारा आणि दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय न घेणारा, अशा दोघांच्या मधोमध बसलेल्या केबलला पोटात जागा नसेल तर ती कामाचीच नाही.

एफटी२३२आरमध्ये उपकरणाकडून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या माहितीसाठी २५६ बाइटचा आणि उलट दिशेने १२८ बाइटचा बफर आहे. ९६०० बॉडवर अक्षरे सलग येत राहिली तरी २५६ बाइट भरायला सुमारे २६७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे कॉम्प्युटरने पाव सेकंद लक्ष दिले नाही तरी एकही अक्षर हरवत नाही. आमचा इंडिकेटर तर सेकंदाला १६० अक्षरेच पाठवतो, तेव्हा त्याच्यासाठी ही जागा दीड सेकंदापेक्षा जास्त पुरते. हाच हिशेब १,१५,२०० बॉडवर केला तर अवघे २२ मिलिसेकंद हाती राहतात. वेगवान यंत्र जोडणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. धरमकाट्यासाठी मात्र ही केबल पुरून उरते.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षात, या केबलपूर्वी काट्यावर एक स्वस्त, नाव नसलेली केबल होती. दिवसभर ती ठीक चाले; पण दुपारी कॉम्प्युटरवर बॅकअप सुरू झाला आणि त्याच वेळी गाडी काट्यावर चढली, की अधूनमधून वजनाचा संदेश तुटून येई. इंडिकेटरवर ८४६० किलो आणि पडद्यावर ८४६, असा तो प्रकार होता. मधले किंवा शेवटचे एक अक्षर गळाले तरी उरलेली अक्षरे दिसायला आकडाच असतात, म्हणून हा दोष फार घातक आहे. पडदा कोरा राहिला असता तर निदान कोणी फसले नसते. नव्या केबलवर तोच बॅकअप, तेच अँटिव्हायरस आणि त्याच गाड्या असताना तुटका संदेश पूर्ण हंगामात दिसला नाही. या एका गोष्टीसाठी मी तिला पूर्ण गुण देतो.

मात्र चांगल्या केबलने सगळे प्रश्न सुटतात असे समजणाऱ्यांसाठी पुढची हकीकत विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण बफर माहिती वाचवतो तशीच ती शिळीही करतो.

केबल बसवल्यावर थोड्याच दिवसांत एक शेतकरी काटापट्टी हातात घेऊन काटाघराच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “भाऊ, बाहीर तं येगळाच आकडा दिसून रायला.” बाहेर जाऊन पाहिले, तर भिंतीवरच्या फलकावर त्याच्या ट्रॅक्टरचे भरती वजन होते आणि पट्टीवर त्याच्या आधी उतरलेल्या गाडीचे. अक्षर एकही गळालेले नव्हते, आकडा पूर्ण आणि नीट होता, फक्त तो दुसऱ्याच गाडीचा होता. पट्टी तेथेच रद्द करून काट्याच्या वहीत फलकावरचा आकडा हाताने लिहून दिला, आणि रांग थोडी हटल्यावर मूळ कारणाचा शोध घेतला.

कारण केबलमध्ये नव्हते. केबलच्या पुढे कॉम्प्युटरमध्ये आणखी एक बफर असतो: ऑपरेटिंग सिस्टिम आलेली अक्षरे प्रोग्रामसाठी रांगेत ठेवते आणि या रांगेची नेहमीची लांबी पुष्कळ प्रोग्रामांत ४०९६ बाइट असते. आमच्या वजनाच्या प्रोग्रामची रचना अशी होती, की तो अर्ध्या सेकंदाला एक संदेश रांगेच्या तोंडाशी असलेला उचली आणि पडद्यावर दाखवी. इंडिकेटर सेकंदाला १० संदेश टाकतो आणि प्रोग्राम २ उचलतो, म्हणजे दर सेकंदाला ८ संदेश, १२८ बाइट, मागे साचत जातात. ३२ सेकंदांत ४०९६ बाइटची रांग काठोकाठ भरते. त्यानंतर जागा होईल तेवढेच नवे संदेश आत येतात, बाकीचे वाया जातात, आणि जो आत येतो त्याच्या पुढे २५५ जुने संदेश उभे असतात. सेकंदाला २ या गतीने त्याची पाळी यायला दोन मिनिटांहून अधिक काळ लागतो. पडद्यावर जे वजन दिसत होते ते दोन मिनिटांपूर्वीचे होते. रांगेत मोठा ट्रक असला आणि तो सावकाश चढला-उतरला तर फरक कळत नसे. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर असे घाईचे दिवस आले की एकाचे वजन दुसऱ्याच्या नावावर जाण्याची पाळी येई.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. पेरणीपासून वेचणीपर्यंत वर्षभर राबून जो माल उभा राहतो, त्याचे मोल शेवटी त्या एका आकड्यावर ठरते, आणि क्विंटलभराचा फरकही त्याच्या घरच्या हिशेबात मोठा असतो. वैधमापन खात्याची मुद्रा काट्याला असते, त्यामुळे इंडिकेटरचा आकडा तपासलेला असतो. पण तो आकडा कॉम्प्युटरपर्यंत जाताना मध्ये किती बफरांत थांबतो आणि किती जुना होऊन पोचतो, हे त्या मुद्रेत येत नाही. म्हणून बाहेरचा फलक थेट इंडिकेटरला जोडलेला असणे ही माझ्या मते शोभेची नव्हे, अत्यावश्यक गोष्ट आहे. काही ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी फलक कॉम्प्युटरवरूनच चालवतात; तसे केल्यास शिळा आकडा बाहेरही शिळाच दिसेल आणि चूक कोणाच्याच ध्यानात येणार नाही.

उपाय सोपा होता आणि प्रोग्राम पुरवणाऱ्याने तो मान्य केला. ‘वजन घ्या’ हे बटण दाबताच आधी रांगेतील सर्व जुनी अक्षरे टाकून द्यायची, मग नव्याने येणाऱ्या संदेशाच्या आरंभखुणेची वाट पाहायची, ती आल्यावर अंतखुणेपर्यंतची १६ अक्षरे मोजून घ्यायची, आणि इंडिकेटरने ‘वजन स्थिर’ अशी खूण दिली असेल तरच आकडा स्वीकारायचा. विंडोजमध्ये रांग रिकामी करण्यासाठी पर्जकॉम आणि लिनक्समध्ये टीसीफ्लश अशा तयार आज्ञा आहेत, तेव्हा यात मोठे कौशल्य लागते असेही नाही. रांग रिकामी केल्यावर पहिला संदेश बहुधा अर्धाच मिळतो, कारण आपण मध्येच ऐकायला लागलेलो असतो; म्हणून आरंभखुणेची अट अजिबात गाळू नये. पडद्यावर सतत दिसणाऱ्या वजनासाठी प्रोग्रामने रांगेत असेल ते सगळे वाचून शेवटचा पूर्ण संदेश तेवढा दाखवावा. हे बदल झाल्यापासून पडदा आणि फलक एकमेकांना धरून चालतात.

येथे कोणी विचारील, की बफर भरत आला तर इंडिकेटरलाच थांबायला का सांगू नये. तशी सोय सिरीयल पद्धतीत आहे. आरटीएस आणि सीटीएस या दोन तारांनी, किंवा एक्सऑफ आणि एक्सऑन या दोन खास अक्षरांनी, घेणारा पाठवणाऱ्याला थांबवू आणि पुन्हा सुरू करू शकतो, आणि ही केबल दोन्ही प्रकार सांभाळते. परंतु बहुतेक काट्यांवर इंडिकेटरकडून दोनच तारा आणलेल्या असतात, एक माहितीची आणि एक ग्राउंडची. ज्याच्याकडे ऐकण्याची तारच नाही त्याला थांब म्हणून सांगणार कसे? शिवाय वजनाच्या बाबतीत थांबवून ठेवलेल्या जुन्या संदेशाला किंमतही नसते. कागदपत्राचे एकही अक्षर हरवता कामा नये, वजनाचा मात्र ताजा संदेश तेवढा हवा असतो.

काटापट्टी छापणारा प्रिंटर मात्र या सोयीवरच चालतो. डॉट मॅट्रिक्सचे डोके कागदावर पुढेमागे धावते, तेव्हा कॉम्प्युटरने पूर्ण पट्टीची अक्षरे एका क्षणात पाठवली तरी ती छापून व्हायला काही सेकंद लागतात. प्रिंटर ती आपल्या बफरमध्ये घेतो, बफर भरला की बिझी ही तार उंचावतो आणि जागा झाली की खाली घेतो. त्यामुळे पट्टी छापून होत असतानाच पुढच्या गाडीचा नंबर टाइप करता येतो. पण बफरमधील माहिती विजेवर जगते. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि यूपीएसवर कॉम्प्युटर आहे पण प्रिंटर नाही अशी मांडणी मी अनेक काट्यांवर पाहिली आहे; तेथे वीज गेली की कॉम्प्युटरच्या मते पट्टी पूर्ण गेलेली असते आणि कागदावर गाडीनंबर व भरती वजन एवढेच उमटलेले असते, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन प्रिंटरच्या बफरबरोबर गेलेले असते. प्रिंटरही यूपीएसवर घ्यावा, आणि नोंद आधी डिस्कवर पक्की करून मगच छपाईला पाठवावी, म्हणजे दुसरी प्रत काढताना वजन पुन्हा करावे लागत नाही.

आता केबलच्या एका सेटिंगविषयी, कारण त्यावरून काही जण तिला मंद ठरवतात. ही चिप आलेली अक्षरे एक-एक करून कॉम्प्युटरकडे पाठवत नाही; पाकिटात ६२ अक्षरे जमेपर्यंत किंवा ठरलेला वेळ संपेपर्यंत ती वाट पाहते, आणि हा वेळ मुळात १६ मिलिसेकंद असतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये तो बदलता येतो. काट्याला १६ मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. परंतु जेथे कॉम्प्युटर लहानसा प्रश्न विचारतो, यंत्र लहानसे उत्तर देते आणि असे सेकंदाला पुष्कळ वेळा चालते, उदाहरणार्थ मॉडबस या प्रश्नोत्तरी पद्धतीवर चालणारे यंत्रांचे कंट्रोलर, तेथे प्रत्येक उत्तर या वाट पाहण्यात अडकते आणि काम फार मंदावते. तेथे हा वेळ २ किंवा १ मिलिसेकंद करावा. सर्वत्र डोळे मिटून १ करू नये. पाकिटे वाढली की कॉम्प्युटरचे कामही वाढते.

आणखी एक सोय मला रोजच्या वापरात फार मोलाची वाटली. या चिपमध्ये तिचा स्वतःचा क्रमांक साठवलेला असतो, त्यामुळे झाडलोट करताना कोणी केबल काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली तरी विंडोज तिला पूर्वीचाच कॉम क्रमांक देते. असा क्रमांक नसलेल्या केबलला खाच बदलली की नवा कॉम क्रमांक मिळतो, प्रोग्रामला काटा सापडत नाही, आणि सकाळी सात वाजता काटेकऱ्याचा फोन येतो.

उणिवा लिहायला हव्यात. किंमत साध्या केबलच्या कित्येक पट आहे, आणि लहान दुकानातील टेबलकाट्यासाठी एवढा खर्च मला पटत नाही. दुसरे म्हणजे या चिपची नक्कल बाजारात पुष्कळ आहे. २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरमुळे नकली चिपांचा ओळखक्रमांक पुसला जाऊन त्या निकामी झाल्या होत्या, आणि त्यावर बराच गदारोळ होऊन तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला; तेव्हा फारच स्वस्तात अस्सल म्हणून मिळणारी केबल घेऊ नये आणि बिल घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. तिसरी उणीव विदर्भापुरती सर्वांत मोठी आहे. विजेच्या अर्थाने या केबलमध्ये काट्याची बाजू आणि कॉम्प्युटरची बाजू अलग केलेली नाही, ग्राउंडची तार दोन्हीकडे एकच आहे. काट्याचा प्लॅटफॉर्म उघड्यावर, तारा जमिनीतून, आणि मृगाच्या आगेमागे विजांचा कडकडाट, अशा स्थितीत लोडसेलच्या तारेवरून आलेला झटका इंडिकेटर ओलांडून थेट कॉम्प्युटरच्या मदरबोर्डपर्यंत पोचू शकतो. येथे माहितीचा बफर कितीही मोठा असला तरी उपयोगाचा नाही.

ज्यांच्या कॉम्प्युटरला मूळचे कॉम पोर्ट अजून चालू आहे, त्यांनी ही केबल घेऊ नये. त्या पोर्टमधील १६ बाइटची रांग ९६०० बॉडच्या काट्याला पुरेशी आहे आणि यूएसबीची भानगड मध्ये आणण्याचे कारण नाही. नव्या कॉम्प्युटरवर जिनिंग, दाल मिल किंवा खरेदी केंद्राचा काटा जोडायचा असेल, तर ही केबल निःशंकपणे घ्यावी, पण बसवल्या दिवशीच एक तपासणी करावी: प्रोग्राम पाच मिनिटे तसाच चालू ठेवून मग एका माणसाला प्लॅटफॉर्मवर उभे करावे आणि फलकावरचा आकडा बदलताच पडद्यावरचाही बदलतो का ते पाहावे. बदलायला उशीर लागला तर केबल परत न करता प्रोग्राम पुरवणाऱ्याला बोलवावे. आणि काटाघर उघड्या माळावर असेल, तर थोडे अधिक पैसे घालून याच चिपची, पण ऑप्टोकपलरने, म्हणजे तारेऐवजी प्रकाशातून माहिती पार करणाऱ्या भागाने, दोन्ही बाजू अलग केलेली पेटी मागावी; पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या काट्यावरही तीच बसवायची आहे.